खालून दुसऱ्या पायरीवर

बाईंना मी चौदा-पंधरा वर्षं ओळखत होतो, असं मी लोकांना सांगतो. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की मला त्यांच्याबद्दल फार थोडं माहीत आहे. त्यांनी लग्न का केलं नाही, मला माहीत नाही. त्यांना गाणं आवडायचं की नाही, तेही नाही. त्यांच्या आईवडिलांचा फोटो मी एकदाच पाहिला, तोही भिंतीवर लावायचा म्हणून गादीवर ठेवलेला होता तेव्हा. एवढ्याशा ओळखीवर माणसाबद्दल लिहू नये हे मला कळतं. पण मालकांची मुलगी, म्हणजे बाईंची भाची, वही आणि पेन घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "काका, आत्याचं ते शिडीवर बसणं तुमच्याशिवाय कोण लिहिणार?" मी वही घेतली.

मी सुतार. आमचा शिड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड, आत तीन यंत्रं, नऊ माणसं आणि जिकडेतिकडे भुसा. मालक तसा भला माणूस, बोलायला गोड, हिशेबाला कच्चा. त्यांची थोरली बहीण म्हणजे बाई. शाळेत एकतीस वर्षं कवायत शिकवून त्या निवृत्त झाल्या, आणि त्याच वर्षी मालकांना शेड वाढवायला पैसे हवे होते. बँक दारात उभं करत नव्हती. बाईंनी निवृत्तीचे सगळे पैसे भावाच्या धंद्यात घातले.

पण बाई म्हणजे काही अशी तशी बाई नव्हे. त्यांनी आधी वकील गाठला. वकिलांनी कागद केला तो असा: मालक पूर्ण भागीदार, म्हणजे धंदा बुडाला तर त्यांच्या घरातल्या भांड्यांपर्यंत सगळं देणेकऱ्यांचं. बाई मर्यादित भागीदार, म्हणजे बुडाले तर त्यांनी घातलेले पैसे तेवढे बुडणार. त्यांच्या दोन खोल्यांच्या घराला कुणी हात लावायचा नाही. मात्र एक अट होती. बाईंनी कारभार चालवायचा नाही. बघा, विचारा, वह्या तपासा, भावाला सल्ला द्या, पण हुकूम सोडू नका, आणि पाटीवर नाव नको. ज्या दिवशी तुम्ही धंदा चालवायला लागाल त्या दिवशी ही भिंत पडली असं समजा, असं वकिलांनी सांगितलं.

हे सगळं बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हा नऊ जणांना शेडमध्ये उभं करून समजावून सांगितलं. गळ्यात शिट्टी तशीच होती, सवयीने. शेवटी म्हणाल्या, "तर मी इथे रोज येणार आहे. बघणार आहे. बोलणार नाही." एकतीस वर्षं 'सावधान' आणि 'विश्राम' करण्यात गेलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकून रंगारी मागे हळूच म्हणाला, "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी शिट्टी वाजणार."

शिट्टी वाजली नाही. बाई कॅनव्हासचे पांढरे बूट घालून सकाळी आठला यायच्या आणि तयार झालेली प्रत्येक शिडी भिंतीला लावून तिच्यावर चढायच्या. प्रत्येक. वरून तिसऱ्या पायरीवर उभ्या राहायच्या, टाचा उचलायच्या आणि दोनदा दणकन आपटायच्या. मग खाली उतरून शिडीच्या बुंध्याशी खडूने बरोबरची खूण करायच्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई सोळा पायऱ्यांची शिडी अशी चढायची की आमचा तरणा रंगारी लाजावा. पहिला आठवडा आम्ही गंमत म्हणून बघत होतो. मग सवय झाली.

दुसऱ्या आठवड्यात एका शिडीवरून बाई उतरल्या आणि खूण केलीच नाही. तोंड उघडलं, चेहरा लाल झाला, तोंड मिटलं. आणि त्या त्याच शिडीच्या खालून दुसऱ्या पायरीवर बसल्या. बाहेर टेम्पोवाला माल भरायला थांबला होता. त्याने हाक मारली. बाई बसलेल्या. मालक आले, म्हणाले, "ताई, उठ ना, गाडी खोळंबलीय." बाई म्हणाल्या, "मी बसलेय. माझे पैसे आहेत इथे, बसायला हरकत आहे का?" हरकत घेणार कोण? अर्धा तास गेला. मला राहवेना. मी लाकडी हातोडी घेऊन एकेक पायरी ठोकत गेलो. पाचवी बद्द वाजली. आतली पाचर सुकून सैल झाली होती. वरून दिसत नव्हती, मला तर मुळीच दिसली नव्हती, आणि ती शिडी माझ्याच हातची होती. मी बाईंना उठा म्हणालो नाही. नवीन पायरी करायला घेतली. ते बघून त्या उठल्या. दुपारी पुन्हा चढल्या, टाचा आपटल्या आणि खडूने खूण केली. एक शब्द नाही.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. बाई बसल्या की काहीतरी चुकलं. कुठे, ते त्या सांगायच्या नाहीत, आपण शोधायचं. सुरुवातीला मला राग यायचा. मग दोन-तीन महिन्यांनी मला कळलं की मी शिडी पूर्ण करतानाच मनात विचारतोय, हिच्यावर बाई बसतील का? आणि पाचर दुसऱ्यांदा ठोकतोय. कारखान्यात आम्ही एकमेकांना म्हणायचो, "ही बसणार बघ." बाजारात खडूच्या खुणेची शिडी लोक मागून न्यायला लागले. वीजवाले, रंगकाम करणारे, ग्रंथालयवाले. एक रंगकाम करणारा तर दुकानदाराला म्हणाला होता, बाई चढलेली द्या, नुसती रंगवलेली नको. बाई हजेरीच्या जुन्या वहीत शिड्यांची हजेरी मांडायच्या. चांगली शिडी हजर, बसावं लागलं ती गैरहजर.

आम्हाला वाटायचं, बाई बोलत नाहीत म्हणजे कागदाच्या आत आहेत. आम्ही आपले अडाणी. मुद्दा बोलण्याचा नव्हता, हे पुढे कोर्टात कळलं.

चौथ्या वर्षी मालकांच्या पोटाचं ऑपरेशन झालं आणि ते तीन महिने अंथरुणाला खिळले. लाकूड संपत आलं होतं. मालक गुंगीत, त्यांना विचारायची सोय नाही. एका सकाळी बाई मला म्हणाल्या, "मिस्त्री, हातोडी घ्या, चला." आम्ही बसने वखारीत गेलो. वखारवाले गावाला गेले होते, त्यांचा कारकून होता. बाईंनी एकेक दांडा बोटाच्या पेराने वाजवला, गाठी बघितल्या, निम्मा माल बाजूला काढला. मग त्या बोलल्या. चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा तो मैदानावरचा आवाज ऐकला. "हा माल पाठवा. तो नको. सोमवारच्या आत." कारकुनाने मान डोलावली. पावती कारखान्याच्या नावावर झाली, सही कुणाचीच नव्हती. असं तीन महिन्यांत तीनदा झालं. परतताना बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी काय म्हणू? मैदानावर मुलं एका पावलात चालायला लागल्यावर मास्तरांचा चेहरा होतो, तसा काहीसा होता. त्या लाकडाची एकही शिडी गैरहजर लागली नाही. मालक बरे होऊन परत आले आणि बाई परत गप्प झाल्या.

पुढची दोन वर्षं वाईट गेली. बाजारात अॅल्युमिनियमच्या हलक्या शिड्या आल्या. त्यात मालकांनी एका बांधकाम ठेकेदाराला चारशे शिड्या उधारीवर दिल्या आणि तो ठेकेदार रातोरात पसार झाला. कारखाना बंद पडला. यंत्रं विकली, शेड गेली, बाईंचे सगळे पैसे गेले. त्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "घातले होते ते गेले. कागदात तसंच लिहिलंय." पण वखारवाल्यांचं देणं अजून बरंच बाकी होतं. त्यात बाईंनी निवडलेलं लाकूडही होतं. मालकांकडे भाड्याच्या घराशिवाय काही नव्हतं. बाईंकडे मात्र घर होतं. पुढची उजेडाची खोली, मागची खोली आणि स्वयंपाकाचा ओटा. एकतीस वर्षांच्या पगारातून एकेक भिंत फेडलेली.

वखारवाल्यांनी दावा लावला. म्हणणं असं की ही बाई नुसती पैसे घातलेली भागीदार नाही, तिच्याशिवाय कारखान्यातून काडी हलत नव्हती. ती पूर्ण भागीदारच धरावी आणि उरलेलं सगळं देणं तिच्या घरातून वसूल करावं. शिडीवर बसण्याची गोष्ट त्यांना कुणीतरी सांगितली होती. वखारीतल्या त्या तीन फेऱ्यांची मात्र त्यांना खबर नव्हती. तो कारकून नोकरी सोडून कधीच दूरदेशी गेला होता.

सुनावणीच्या आधी वकिलांनी मालकांना आणि मला बोलावलं. बाईंना नाही. त्यांनी समजावलं की बाईंचं घर वाचवायचं तर एकच गोष्ट सांगायची. बाई एकट्या राहतात, करमत नाही म्हणून यायच्या. कामातलं त्यांना काही कळत नाही. वखारीचं तर तोंडातूनही काढू नका. आम्ही दोघांनी हो म्हटलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. खोटं बोलायचं नव्हतं, असं मी स्वतःला सांगत होतो. बसत होत्या, तेवढंच सांगायचं.

कोर्टाची खोली लहान होती. तिन्ही भिंतींना छतापर्यंत कागदपत्रांची कपाटं, आणि कोपऱ्यात त्यांच्यासाठी एक लाकडी शिडी. आत आल्या आल्या बाईंची नजर तिच्यावर गेली हे मी पाहिलं.

आधी मालक उभे राहिले. खाली मान घालून म्हणाले, "ताईला यातलं काही कळत नाही, साहेब. एकटी असते. यायची, बसायची, जायची." बाई समोर ताठ बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर ती हजेरीची वही होती.

मग मी. वखारवाल्यांचे वकील हुशार होते. त्यांनी विचारलं, बाई शिडीवर बसायच्या का? मी म्हणालो, बसायच्या. आणि त्या बसल्या की ती शिडी बाहेर जायची नाही, हे खरं का? मी म्हणालो, बसल्यावर कशी जाणार? खोलीत हसू उठलं. त्यांनी विचारलं, मग त्या शिडीवरच का बसायच्या, खुर्ची नव्हती का?

मी म्हणालो, "पाय दुखत असतील."

मी बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, सैल पायरीकडे बघायच्या तशा.

त्यांची पाळी आली तेव्हा आमच्या वकिलांनी मुद्दाम सोपा प्रश्न विचारला, की तुम्ही कारखान्यात काही काम करत होतात का. नाही म्हणायचं आणि खाली बसायचं, एवढंच बाकी होतं. घर तिथेच वाचत होतं.

बाई उभ्या राहिल्या. "पहिलं म्हणजे," त्या म्हणाल्या, "माझे पाय आजपर्यंत दुखलेले नाहीत."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं.

"शिडीत खोट असली की मी बसत होते. सहा वर्षांत दोनशे सतरा वेळा बसले, वहीत तारखा आहेत. हुकूम एकदाही दिला नाही. पैसे घातलेल्या माणसाला बघायचा हक्क आहे असं मला सांगितलं होतं; मी बघत होते. दुरुस्ती या मिस्त्रींनी केली, ती त्यांच्या अकलेने. मी पायरी दाखवली नाही, ती त्यांनी शोधली. पण माझा भाऊ आजारी होता ते तीन महिने मी बघत नव्हते, चालवत होते. तीनदा लाकूड मी निवडलं आणि मी मागवलं. तेवढे पैसे माझ्याकडून घ्या."

आमच्या वकिलांनी पेन खाली ठेवलं. मालकांनी डोक्याला हात लावला. वखारवाल्यांच्या वकिलांनाच काय विचारावं ते कळेना. न्यायाधीश म्हणाले, "बाई, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही."

"विचारलं की. काम करत होतात का, असं विचारलं."

मग त्या हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मला काही कळत नाही असं लिहून माझं घर वाचणार असेल, तर त्या घरात मी राहू कशी?"

मी आयुष्यात फार कमी वेळा असं पाहिलं आहे. मला लाज वाटायला हवी होती, वाटतही होती, पण तिच्या वर दुसरंच काहीतरी होतं. माझी छाती भरून आली होती. त्या बाईंनी माझ्या हातच्या साडेसहा-सात हजार शिड्या चढून पाहिल्या होत्या. याहून मोठा मान माझ्या रंध्याला कुठे मिळणार होता?

सुनावणी संपल्यावर मी तोंड चुकवून पाणी प्यायला बाहेर गेलो. परत आलो तर बाई कोपऱ्यातल्या त्या शिडीवर बसलेल्या. खालून दुसऱ्या पायरीवर. शिपाई हातात फायलींचा गठ्ठा घेऊन उभा होता आणि म्हणत होता, मावशी, उठा की, मला वर चढायचंय. मालक म्हणाले, ताई, आता इथेही?

मी जवळ गेलो. पायऱ्या पेराने वाजवत वर गेलो. सातवी बद्द. माझ्या खिशात सवयीने एक-दोन पाचरी असतातच. टेबलावरचं पितळी वजन उसनं घेतलं आणि पाचर ठोकली. दोनदा. बाई उठल्या. खडू नव्हता, म्हणून त्यांनी बोटानेच धुळीत खूण केली.

दाराबाहेर आल्यावर त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मिस्त्री, बसा थोडं. पाय दुखत असतील." आणि चालू लागल्या. तेव्हा कळलं की माफी झाली, पण ही गोष्ट त्या मला जन्मभर ऐकवणार.

निकाल दीड महिन्याने लागला. कायद्यातलं मला कळत नाही, पण वकिलांनी सांगितलं ते असं: बघणं, तपासणं आणि बसणंसुद्धा, याला कारभार म्हणता येणार नाही, तेव्हा बाकीच्या देण्याला बाईंनी घातलेल्या पैशापलीकडे हात लावायचा नाही. त्या तीन महिन्यांच्या लाकडाचं देणं मात्र बाईंचं स्वतःचं, घरादारासकट. वकील म्हणाले, बाई गप्प बसल्या असत्या तर हेही सुटलं असतं. मग म्हणाले, पण न्यायाधीशांनी त्यांचं बसण्याचं म्हणणं खरं धरलं, ते बहुधा याच्यामुळेच.

वखारवाले हप्त्यांना कबूल झाले. बाईंनी पुढची उजेडाची खोली दोन परिचारिकांना भाड्याने दिली आणि स्वतः मागच्या खोलीत राहिल्या. पलंग, कपाट, ओटा आणि मधे पाऊल ठेवायला वीतभर जागा. सात वर्षं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या हप्ता द्यायला वखारीत स्वतः जायच्या, मनिऑर्डर नाही की चेक नाही. पहिल्यांदा वखारवाले अवघडले. दुसऱ्या महिन्यात बाई पैसे देऊन जाता जाता दांड्यांच्या एका ढिगावर बसल्या. वखारवाल्यांना कारण माहीत होतं, त्यांनी ढीग उलटून पाहिला तर आत वाळवी. तेव्हापासून पहिल्या तारखेला वखारीत बाईंसाठी माल मांडून ठेवलेला असायचा. वखारवाले मला म्हणाले होते, "दावा मी जिंकलो की हरलो तेच मला कळत नाही. पण महिन्यातून एकदा माझी वखार स्वच्छ होते." एकदा त्यांनी हप्ता कमी करू का असं विचारलं. बाई म्हणाल्या, "का? लाकूड वाईट होतं?"

मी अधूनमधून त्यांच्याकडे जायचो. काही ठोकायचं, घासायचं असलं तर. त्या सात वर्षांत त्यांच्या तोंडून तक्रार ऐकली नाही. भावाशीही पूर्वीसारख्याच वागायच्या, फक्त तो कुणासमोर "ताईला हे जमणार नाही" असं म्हणाला की त्याच्याकडे नुसतं बघायच्या. तो लगेच वाक्य बदलायचा.

शेवटचा हप्ता गेला त्या महिन्यात परिचारिकांनी दुसरीकडे घर घेतलं आणि पुढची खोली मोकळी झाली. बाईंनी निरोप पाठवला, पडद्याची दांडी लावायची आहे, या. मी गेलो. खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं, फरशी धुतलेली. आईवडिलांचा फोटो गादीवर ठेवला होता, तोही भिंतीवर लावायचा होता. मी घडीची शिडी नेली होती, माझ्याच हातची. बाई बहात्तर वर्षांच्या होत्या. शिडी मी मांडली आणि वर चढायला पाय उचलला, तर त्या म्हणाल्या, थांबा. आणि बूट घालून स्वतः वरपर्यंत चढल्या. टाचा आपटल्या, पूर्वीइतक्या जोरात नाही. उतरल्या. मी दोन्ही हातांनी शिडी धरून होतो, कबूल करतो. खिशातून खडूचा तुकडा काढून त्यांनी खूण केली. तो तुकडा त्यांनी कुठून आणला, सात वर्षं कुठे ठेवला होता, मी विचारलं नाही.

मग मी चढलो, दांडी लावली, फोटो लावला. शिडी त्यांनी धरली होती. मी खाली उतरलो तेव्हा मला जरा दम लागला होता.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "पाय दुखत असतील."

"दुखतात खरं," मी म्हणालो.

"मग खुर्चीवर बसा, शिडीवर नको. चहा टाकते."

"साखर कमी टाका, बाई."

"साखर संपलीच आहे. तसाच घ्या."

"चालेल," मी म्हणालो.